तेजोमेघाचे रंग कोणी भरले?



गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून मी आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो होतो. त्यांचे वय आज ब्याऐंशी. तारुण्यात ते बेळगावातील एका फोटो स्टुडिओत कामाला होते. रंगीत फिल्म महाग व दुर्मिळ होती, त्या काळी काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवर बारीक कुंचल्याने व कापसाच्या बोळ्याने रंग चढविण्याचे काम त्यांच्याकडे असे. आमच्या भागातील कित्येक घरांच्या भिंतींवर आजही जी लग्नाची जोडपी गुलाबी गालांनी बसलेली दिसतात, त्यांपैकी पुष्कळांच्या गालांवरील गुलाबी छटा या हातांची आहे.

त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. त्याला आकाशाच्या छायाचित्रणाचा नाद आहे, आणि मलाही दुर्बिणीची जुनी आवड असल्यामुळे आमचे बरे जमते. त्या दिवशी त्याने नुकतेच तयार केलेले एक छायाचित्र मोठ्या कागदावर छापून आणले होते. मृग नक्षत्रातील तो सुप्रसिद्ध अश्वशीर्ष तेजोमेघ. गुलाबी पडद्यासमोर उभे असलेले घोड्याचे काळे डोके. आमच्या मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात ते मांडावे असा त्याचा विचार होता.

आजोबांनी चष्मा पुसला, छायाचित्र उजेडाकडे धरले, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहे. रंग कोणते वापरलेस?"

"आजोबा, मी रंग भरलेले नाहीत. हा तिथलाच प्रकाश आहे."

"अरे, पण परवा तूच सांगत होतास ना, की एक चित्र काळे-पांढरे घेतलेस, एक रंगीत घेतलेस, आणि दोन्ही संगणकावर मिसळलीस? मग मी स्टुडिओत करायचो तेच तू केलेस. माझा कुंचला होता, तुझे यंत्र आहे."

नातवाला उत्तर सुचेना. त्याने छायाचित्र गुंडाळले व मला हळूच म्हणाला, "फादर, मी हे प्रदर्शनाला देत नाही." आणि तो आत गेला.

तो गेल्यावर आजोबांनी जे सांगितले ते त्यांच्या अनुमतीने येथे लिहितो. १९६४ साली एक गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीचे छायाचित्र मोठे करून रंगविण्यासाठी स्टुडिओत देऊन गेले. पदरी चार वर्षांची मुलगी. साडीचा रंग निळा, असे त्यांनी सांगितले होते व तशी नोंद चिठ्ठीवर होती. काम पुष्कळ होते. चिठ्ठी न पाहताच आजोबांनी साडी हिरवी रंगविली. गृहस्थ छायाचित्र न्यायला आले, क्षणभर पाहत राहिले, आणि एक शब्दही न बोलता पैसे देऊन ते घेऊन गेले. "चिठ्ठी मला नंतर सापडली," आजोबा म्हणाले. "त्या पोरीने जन्मभर आई हिरव्या साडीत पाहिली, फादर. रंग मी भरला, आणि तिला तो खरा वाटला. म्हणून मी पोराला विचारले. टोमणा मारायचा हेतू नव्हता."

वाचकहो, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आज वर्तमानपत्रांतून, दिनदर्शिकांवर, मुलांच्या क्रमिक पुस्तकांत तेजोमेघांची रंगीबेरंगी चित्रे आपण पाहतो. ते रंग खरे की कोणी भरलेले, अशी शंका सुज्ञ मनुष्याला येणे स्वाभाविक आहे. पुढील दोन संध्याकाळी मी त्या तरुणाच्या संगणकाशेजारी बसलो, आणि त्याचे काम पायरी-पायरीने पाहिले. त्यातून जे उमगले ते साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम आकाशातील ती जागा ओळखून घेऊ. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण सारेच ओळखतो. त्या तिघांपैकी व्याधाच्या बाजूचा जो तारा, त्याचे नाव अल्निटाक. त्याच्या लगतच हा अश्वशीर्ष आहे, आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेच्या एका छायाचित्र-काचेवर विल्यमिना फ्लेमिंग या विदुषीने तो प्रथम पाहिला. घोड्याचे डोके म्हणजे धुळीचा दाट, काळा ढग. त्याच्या मागे हायड्रोजन वायूचा प्रचंड पडदा प्रकाशत आहे. सिग्मा ओरायनिस नावाच्या तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांनी तो चेतविला आहे. आणि जवळच, एका ताऱ्याभोवती, एनजीसी २०२३ या क्रमांकाचा एक लहानसा निळा मेघ आहे. हा निळा मेघ ध्यानात ठेवावा, कारण सारी कथा त्याच्यावरच फिरते.

आता प्रकाशाविषयी. आकाशातून येणारा प्रकाश एकाच जातीचा नसतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात वर्णपटदर्शकाने सिद्ध केली. रोम येथे संत इग्नेशियस यांच्या नावाच्या मंदिराच्या छपरावर वेधशाळा उभारून येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांनी सुमारे ४००० ताऱ्यांचे वर्णपट तपासले व त्यांची वर्गवारी लाविली. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसतो, त्यावर काही काळ्या रेषा असतात. कोणता रंग अधिक, कोणता उणा, यावरून तारा थंड की तप्त हे कळते. मृगातीलच काक्षी नारिंगी दिसते आणि राजन्य निळसर पांढरा, याचे कारण हेच.

१८६४ साली इंग्लंडात विल्यम हगिन्स यांनी आपला वर्णपटदर्शक प्रथमच एका तेजोमेघाकडे वळविला. अखंड पट्ट्याच्या अपेक्षेने ते पाहू लागले, तो काळोखात मोजक्या प्रकाशरेषा तेवढ्या दिसल्या. तेजोमेघ हा वायू आहे आणि तो ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतो, याचा तो पुरावा होता. त्यांतील सर्वांत तेजस्वी हिरवट रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. आपल्या पुण्यातही या रेषेचा अभ्यास झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा तेथे होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील मोठ्या तेजोमेघाच्या या मुख्य रेषेची निरीक्षणे १८९१ साली प्रसिद्ध केली. अखेर १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी कोडे उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर.

आणखी एक प्रकार राहिला. कृत्तिकांभोवती जो निळसर धुरकटपणा आहे त्याचा वर्णपट व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली घेतला, तो तेथे तेजोमेघाच्या रेषा नव्हत्या. शेजारच्या ताऱ्याचाच वर्णपट होता. म्हणजे ती स्वतः न प्रकाशणारी धूळ असून, धुक्यातून दिवा दिसावा त्याप्रमाणे ताऱ्याचा प्रकाश विखरून आपल्याकडे पाठवीत होती. आपला एनजीसी २०२३ मुख्यतः याच जातीचा आहे.

तेव्हा एकाच छायाचित्रात दोन भिन्न जातींचे प्रकाश एकत्र नांदतात: तारे व त्यांच्या उजेडाने दिसणारी धूळ यांचा अखंड प्रकाश, आणि वायूचा रेषांचा प्रकाश. हायड्रोजनची मुख्य तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आहे. तिला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. या दोन जाती टिपण्याची साधनेही दोन आहेत. तांबडा, हिरवा व निळा हे रुंद फिल्टर प्रत्येकी सुमारे १०० नॅनोमीटरचा पट्टा आत घेतात. त्यांतून रंगीत चित्र मिळते. अरुंद फिल्टर एखाद्या रेषेभोवतीचा अवघा ७ किंवा ३ नॅनोमीटरचा पट्टा तेवढा आत सोडतो. त्यातून मिळणारे चित्र काळे-पांढरे असते, पण त्यातील प्रत्येक ठिपका ठरावीक रेषेच्या प्रकाशाचे मोजमाप असतो.

या अरुंद फिल्टरचे सामर्थ्य एका हिशेबाने कळेल. उदाहरणादाखल समजा, चित्राच्या एका बिंदूवर हायड्रोजनच्या रेषेचा प्रकाश १० माप आहे, आणि शहराच्या उजेडाने पांढुरलेल्या आकाशाचा व ताऱ्यांचा अखंड प्रकाश तांबड्या फिल्टरमधून १४० माप येतो. एकूण झाले १५०. त्यात तेजोमेघाचा वाटा पंधरावा हिस्सा. आता ७ नॅनोमीटरचा फिल्टर लावला. रेषेचे १० माप जवळजवळ तसेच आत आले, पण अखंड प्रकाशाला शंभरातून सातच्या प्रमाणात वाट मिळाल्यामुळे तो १४० वरून १० वर आला. एकूण २०, आणि त्यात तेजोमेघ निम्मा! म्हणूनच आमच्या या तरुणाने हायड्रोजन-अल्फाची चित्रे आपल्या घराच्या गच्चीवरून, चांदण्या रात्रींतही घेतली: पाच-पाच मिनिटांची साठ, म्हणजे एकूण पाच तास. रंगीत चित्रांसाठी मात्र अमावास्येच्या सुमारास तो चंदगडकडील एका काळोख्या खेड्यात मुक्कामाला गेला, आणि तांबड्या, हिरव्या व निळ्या फिल्टरमधून प्रत्येकी एक तासाचा प्रकाश जमवून आणला. रुंद फिल्टरला काळोखाची गरज; तेथे गच्ची चालत नाही.

मग त्याच्या पहिल्या चित्रात चूक काय झाली? त्याने हायड्रोजन-अल्फाचे काळे-पांढरे चित्र संपूर्ण प्रतिमेचा उजेड म्हणून वर ठेवले, आणि रंगीत चित्र त्याखाली केवळ रंगापुरते वापरले. हा सोपा मार्ग पुष्कळ नवशिके घेतात. परिणाम तीन झाले. हायड्रोजनचा पडदा फिकट, मासळीच्या मांसासारखा गुलाबी झाला, कारण अल्फाचा तीव्र उजेड आणि त्याखालचा दुबळा रंग यांचा मेळ बसेना. अरुंद फिल्टरमधून तारे लहान दिसतात व रुंद फिल्टरमधून मोठे, त्यामुळे ताऱ्यांभोवती विचित्र कडी उमटली. आणि तिसरा परिणाम सर्वांत वाईट. एनजीसी २०२३ चा निळा प्रकाश हायड्रोजन-अल्फाच्या खिडकीतून फारसा येतच नाही. उजेड ठरविण्याचा अधिकार एकट्या हायड्रोजनला दिल्याबरोबर तो निळा मेघ जवळजवळ पुसला गेला.

हे पाहताना मला त्या चिठ्ठीची आठवण झाली. चंदगडच्या रात्रीने निळ्याची नोंद व्यवस्थित करून ठेवली होती. पण चित्र सिद्ध करताना तिच्याकडे पाहिलेच गेले नाही. आजोबांच्या नजरेने नेमके काय ओळखले असेल ते सांगता येत नाही. पण त्या चित्रात काहीतरी वरून फासलेले आहे, हा त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

आम्ही काम पुन्हा आरंभिले. प्रत्येक फिल्टरची सारी चित्रे, झाकण लावून घेतलेल्या काळ्या चित्रांनी व एकसारख्या उजळ पडद्याच्या चित्रांनी शुद्ध करून, एकावर एक रचली होतीच. आता दोन्ही ठिकाणची चित्रे ताऱ्यास तारा जुळवून बसविली, आकाशाचा कमीअधिक उजेड काढून टाकला, आणि ताऱ्यांचे ज्ञात रंग प्रमाण मानून रंगीत चित्राचा समतोल साधला. ही पायरी गाळून चालत नाही. वजनाच्या मापांची तपासणी न करता तराजू धरावा तसे ते होईल.

येथे एक नियम सांगितला पाहिजे. कॅमेऱ्यातून आलेले मूळ चित्र जवळजवळ काळे असते. अंधूक भाग डोळ्यांस दिसावा म्हणून शेवटी त्याचा उजेड वक्ररेषेने ताणावा लागतो. एकदा ताणले की मापांचे परस्पर प्रमाण बिघडते. म्हणून हिशेब जेवढा करावयाचा तेवढा ताणण्यापूर्वीच करावा.

तो हिशेब असा. हायड्रोजन-अल्फाच्या चित्रात थोडा अखंड प्रकाश उरलेला असतोच. आपल्या उदाहरणात २० पैकी १०. तो काढण्यासाठी तांबड्या चित्राचा सुमारे चौदावा हिस्सा त्यातून वजा करावयाचा. १५० चा चौदावा हिस्सा पावणेअकराच्या आसपास. २० मधून तो गेला की सव्वानऊ उरतात. मूळचे १० पूर्ण मिळाले नाहीत, कारण तांबड्या चित्रातही रेषेचा थोडा अंश होता. पण जे उरले ते बव्हंशी शुद्ध हायड्रोजन. वजाबाकी बरोबर झाली आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे तारे: ते जवळजवळ नाहीसे झाले पाहिजेत. काळी भोके पडली तर वजाबाकी अधिक झाली, पांढरे ठिपके राहिले तर उणी पडली. संगणकाच्या पडद्यावर तारे मावळले आणि मागे केवळ वायूचा पडदा उरला, तेव्हा त्या तरुणाच्या तोंडून उद्गार निघाला, "फादर, हा एकटा हायड्रोजन!"

हा शुद्ध हायड्रोजन मग रंगीत चित्राच्या तांबड्या थरात मिळवावयाचा. त्याचे घर तेथेच आहे, कारण ६५६.३ नॅनोमीटर हा तांबडाच प्रकाश. किती पट मिळवावा, हा छायाचित्रकाराच्या निवडीचा भाग. पण जी पट एका कोपऱ्यात तीच सर्वत्र. आवडत्या जागी अधिक व नावडत्या जागी उणी अशी वाटणी करता कामा नये. मी मोठ्याने वाचले म्हणून वाक्य बदलत नाही, परंतु मधले शब्द गाळून वाचले तर बदलते.

केवळ तांबड्यात मिळविल्याने पडदा रक्तासारखा लाल होतो. यावर एक न्याय्य उपाय आहे. जो हायड्रोजन अल्फा रेषा देतो तोच ४८६.१ नॅनोमीटरवर बीटा नावाची निळसर रेषाही देतो. तप्त तेजोमेघात अल्फा व बीटा यांचे प्रमाण सुमारे २.८६ ला १ असते, आणि वाटेतील धूळ तांबड्यापेक्षा निळा प्रकाश अधिक अडवीत असल्यामुळे आपल्यापर्यंत बीटा याहूनही थोडा पोहोचतो. म्हणून शुद्ध हायड्रोजनचा पाचवा-सहावा हिस्सा निळ्या थरात मिळविला. पडद्याला जास्वंदीऐवजी गुलाबाची छटा आली. ही छटा सुंदर दिसते म्हणून घेतली असे कोणी म्हणेल. पण तिला आधार आहे. अश्वशीर्ष दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहू इच्छिणारे निरीक्षक मुद्दाम बीटा रेषेचाच फिल्टर लावतात, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला अल्फाचा तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, बीटाचा त्या मानाने बरा दिसतो. तो प्रकाश तेथे आहे, याला पाहणाऱ्यांचे डोळेच साक्ष आहेत.

तारे मात्र पूर्णपणे रंगीत चित्रातलेच घेतले. तारे व तेजोमेघ वेगळे करणारी साधने आता संगणकावर मिळतात. दोन्ही भाग स्वतंत्रपणे ताणून, एकाच पडद्यावर दोन प्रक्षेपकांतून दोन पारदर्शिका टाकाव्या त्या रीतीने ते पुन्हा एकत्र आणले. ही साधने यंत्रशिक्षणावर चालत असल्यामुळे तारा काढलेल्या जागी काय असावे याचा ती अंदाज करतात, आणि अंदाज चुकतोही. अल्निटाकच्या झगमगाटाजवळ एका ठिकाणी यंत्राने जाळीदार तंतू विणून ठेवले होते. मूळ चित्रात तेथे तसे काहीच नव्हते. तरुणाने तो भाग काढून टाकला. थोडे खडबडीत दिसले तरी चालेल, पण जे आले नाही ते दाखवू नये.

आणखी एक मोह होता. ऑक्सिजनची हिरवट-निळी छटा असली की चित्र उठून दिसते, आणि हायड्रोजन व तांबडा यांच्या आकडेमोडीतून खोटा ऑक्सिजन तयार करण्याच्या युक्त्याही प्रचलित आहेत. एकशृंगी नक्षत्रातील गुलाबपुष्प तेजोमेघाच्या मध्यभागी ऑक्सिजनचा प्रकाश खराच भरपूर आहे. तेथे त्याचा फिल्टर लावून तो हिरव्या व निळ्या दोन्ही थरांत मिळविणे योग्य, कारण ५००.७ नॅनोमीटर या दोहोंच्या सीमेवर येते. अश्वशीर्षाच्या परिसरात तो अत्यल्प आहे, आणि आमच्या तरुणाने तो मोजलेलाही नव्हता. म्हणून तो घातला नाही.

येथे एक प्रश्न वाचक विचारतील. हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतलेल्या त्या विख्यात 'सृष्टीच्या स्तंभां'त हायड्रोजन हिरवा का दिसतो? त्या चित्रात गंधकाच्या रेषेला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग ठरवून दिला आहे. गंधक व हायड्रोजन दोन्ही वस्तुतः तांबडे. एकाच रंगात दाखविले तर कोण कोठे हे कळणार नाही. नकाशात जिल्हे निरनिराळ्या रंगांनी दाखवितात, तशी ही योजना आहे. नकाशा खोटा नसतो, कारण त्याच्या कोपऱ्यात सूची असते. सूची फाडून टाकली, तर मात्र बेळगावची माती पिवळी व कारवारची हिरवी असा पाहणाऱ्याचा समज होईल.

साऱ्या कामातून मला दोन नियम दिसले. जेथे प्रकाश मोजलेला नाही तेथे रंग घालू नये. आणि जेथे एका साधनाने प्रकाश मोजला आहे, तेथे दुसऱ्या साधनाच्या जोराने तो बुजवू नये. हे दोन पाळले, आणि काय केले ते चित्राखाली लिहिले, तर अरुंद व रुंद फिल्टरांचे मिश्रण हे खोटेपण ठरत नाही. उलट, एकट्या रंगीत चित्रात हायड्रोजनचा पडदा दुबळा राहिला असता, आणि एकट्या हायड्रोजनच्या चित्रात निळा मेघ हरवला असता. दोघांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्या जागेची हकीकत पुरी होत नाही. आपल्या घरांतील व गावांतील तंटे ऐकताना मी याचा विचार पुष्कळदा करतो. मोठ्याने बोलणाऱ्याचे आपण ऐकतो, आणि चिठ्ठीवर लिहून ठेवलेले वाचायचे राहून जाते.

नवे चित्र छापून आले तेव्हा मी पुन्हा त्या घरी गेलो. नातवाने काही न बोलता ते आजोबांच्या मांडीवर ठेवले. पडदा आता गुलाबाच्या रंगाचा होता, तारे आपापल्या रंगांत, आणि घोड्याच्या डोक्याजवळ तो लहानसा मेघ स्वच्छ निळा. आजोबांनी त्यावर बोट ठेवले. "हे मागच्या वेळी नव्हते."

"होते, आजोबा. मी बुजवले होते."

चित्राखाली बारीक अक्षरांत त्याने लिहिले होते: रंग व तारे, रुंद फिल्टर, एकूण ३ तास, काळोख्या आकाशातून, हायड्रोजन-अल्फा, ७ नॅनोमीटर, ५ तास, शहरातून, शुद्ध हायड्रोजन तांबड्या थरात मिळविला, त्याचा अल्प हिस्सा निळ्या थरात. आजोबांनी ते सारे सावकाश वाचून घेतले. त्यातील किती त्यांना समजले कोण जाणे, पण वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हे मी कधी लिहिले नाही. चित्राच्या मागे एक ओळ लिहिली असती तरी पुरे होते."

प्रदर्शनात ते चित्र मांडले गेले. त्याला बक्षीस मिळाले नाही. खाली लिहिलेली टीप मात्र पुष्कळांनी थांबून वाचली. त्यानंतरच्या आठवड्यात आजोबा नातवाला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरी जाऊन आले. चार वर्षांची ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. छायाचित्र अजून तिच्या भिंतीवर आहे. त्यांनी तिला साडीचा खरा रंग सांगितला आणि क्षमा मागितली. तिने छायाचित्र खिळ्यावरून उतरविले, मागची धूळ पदराने पुसली, आणि नातवाकडून पेन मागून घेऊन पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहिले: "आईची साडी निळी होती."

छायाचित्र तिने पुन्हा त्याच जागी लावले आहे.